न उडालेली गरनाळ

गेल्या मार्गशीर्षात आमच्या गावच्या जत्रेत एक गरनाळ, म्हणजे तोफेची दारू ठासून उडवायचं लोखंडी उखळ, उडाली नाही. झालं ते एवढंच. कोणाला भाजलं नाही, कोणाला लागलं नाही. पालखी दहा मिनिटं उशिरा हलली आणि त्यामुळे दशावतारातला गणपती आणखी थोडा उशिरा नाचला, जो तसाही वेळेवर कधी नाचत नाही. पण त्या दहा मिनिटांत मी एक वाक्य बोललो, आणि ते तेव्हापासून बांगड्याचा काटा घशात अडकावा तसं बसलंय. भाताचा गोळा गिळून बघितला, केळं खाऊन बघितलं, जात नाही.

शिरोड्याच्या अलीकडे आमचा गाव. देवळाच्या डाव्या अंगाला, माडांच्या पलीकडे, जत्रेच्या रात्री चार-पाच लोखंडी उखळं मातीत अर्धी रोवून ठेवतात. आत दारू, वर विटेचा चुरा ठासलेला. गरनाळवाला लांब काठीच्या टोकाला पेटता काकडा बांधून एकेकीला बत्ती देत जातो. आवाज कानात येत नाही, सरळ छातीत बसतो. वटवाघळं उठतात, देवळाच्या कौलांतून माती झडते, खाजेवाल्याच्या परातीवर पडते आणि तो ती फुंकर मारून उडवतो. बायका कडेवरच्या पोरांचे कान झाकतात. जरा मोठी पोरं मात्र आमच्याकडे कान झाकत नाहीत, आ वासून उभी राहतात. आठ-दहा पोरं एका रांगेत, तोंडं उघडी, जशी पोलिओच्या डोससाठी उभी केलीत. हे तात्यांनी शिकवलेलं. "नुसते कान धरून काय होना नाय रे. तोंड उघडा. आवाज एका बाजून आत इलो तर दुसऱ्या बाजून भायर जावक वाट नको?"

तात्या म्हणजे माझे धाकटे काका. 1977 ते 2001, चोवीस वर्षं तोफखान्यात काढून हवालदार म्हणून घरी आले. येताना पेन्शन आणली, काळी ट्रंक आणली, लाकडी फळीवर बसवलेली पितळेची छोटी तोफ आणली. कान तेवढे तिकडेच राहिले. डाव्याने आता काहीच नाही. उजव्याला कोणी तोंड लावून ओरडलं तर थोडंफार. यंत्र आहे, पण ते कपाटात, एलआयसीच्या कागदांच्या डब्यात. लावलं की समुद्र फार ऐकू येतो म्हणतात.

तर त्या रात्री पहिल्या दोन गरनाळी उडाल्या आणि तिसरीची वात जळत आत गेली, थोडा धूर आला, आणि काही नाही. गरनाळवाल्याचा मुलगा, सोळा-सतरा वर्षांचा, मोबाईलचा टॉर्च लावून वाकून बघायला पुढे झाला. तेवढ्यात तात्या ओरडले. मालवणीत नाही, हिंदीत. "रुक! कोई आगे नहीं जाएगा!" बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा लागलाय ते कळत नाही, ढोलवाल्याची टिपरी हवेत राहिली. मुलगा जागच्या जागी थांबला. तात्या दोन्ही हात पसरून गरनाळी आणि माणसं यांच्या मध्ये उभे राहिले, मनगट वळवून घड्याळ बघत. एक मिनिट, दोन मिनिटं. मग हसू फुटायला लागलं. "मिलिटरी इली," कोणीतरी मागून म्हणालं. पालखीवाले खांदे बदलत होते, मानकरी वैतागले होते, आणि माझ्या शेजारी माझी बायको, मुलगी, तिची ठाण्याहून आलेली मैत्रीण. मी तोंडावर हसू ठेवून म्हणालो, "तात्यांनु, ह्या काय कारगील नाय. लोकांका कित्याक ताटकळत ठेवतास?"

मोठ्याने नाही म्हणालो. नेहमीच्या आवाजात म्हणालो. आजूबाजूच्यांना जावं आणि त्यांना जाऊ नये, असा बेतून काढलेला आवाज होता तो. लोक हसले. मला बरं वाटलं, हेही खरं.

तात्या तेव्हा माझ्याकडे बघत होते.

दहा मिनिटं झाल्यावर त्यांनी हात खाली घेतले, स्वतः पुढे जाऊन कळशीभर पाणी ओतलं. मग गरनाळ उपटून पालथी केली. दारू सादळलेली होती, शेणासारखी बाहेर पडली. खारा वारा, दव, आणि आदल्या दिवशी भरून ठेवायचा आळस. म्हणजे मुलगा पुढे गेला असता तरी बहुधा काही झालं नसतं. तात्यांचं खरं ठरलं, असं सांगता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

तात्यांच्या नोकरीची आमच्या घरात नीट कल्पना कोणालाच नव्हती. आजीला तर शेवटपर्यंत वाटायचं की आपला मुलगा पोस्टात आहे. तिचा दोष नाही. पत्रावर पत्ता '56 एपीओ', म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस, आणि सुट्टीवर आला की हा सारखा म्हणणार, आमचे जीपीओ साहेब असे, जीपीओ साहेब तसे. मुंबईचं जीपीओ तिला माहीत होतं, तिचा भाऊ तिकडे चिकटलेला. तोफखान्यातला जीपीओ म्हणजे गन पोझिशन ऑफिसर, तोफा मांडल्या असतील त्या जागेचा साहेब, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं आणि आजीला कोणी सांगितलंच नाही. ती शेजारणीला अभिमानाने सांगायची, काश्मिरात बर्फ पडतं तरी माझो झील टपाल पोचवता. एका अर्थी चूक नव्हतीच ती.

मी दहा-बारा वर्षांचा असताना तात्या सुट्टीत खळ्यात मला तोफखाना शिकवायचे. सारवलेल्या जमिनीवर सहा काजू मांडायचे. ही एक बॅटरी, सहा तोफा. अशा तीन बॅटऱ्या, अठरा तोफा, झालं रेजिमेंट. एका तोफेवरचा हवालदार म्हणजे 'नंबर वन', आणि तोफ त्याची. साहेबाची नाही, सरकारची नाही, त्याची. मग एक काजू उचलून लांब तुळशीवृंदावनावर ठेवायचे. हा ओपी, निरीक्षण करणारा साहेब. तो तोफांजवळ नसतोच, पुढे पायदळाबरोबर असतो. बॅटरी कमांडरसुद्धा तिकडे पायदळाच्या सीओच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या, शेजारी बसलेला, म्हणजे आपला साहेब कायम दुसऱ्याच्या पलटणीत. दिसतं ते ओपीला. तो वायरलेसवर सांगतो, मागे कमांड पोस्टात टेक्निकल असिस्टंट लोक हिशेब करतात, वारा, हवा, दारूचं तापमान सगळं धरून, आणि तोफेपर्यंत पोचतात ते फक्त आकडे. पहिला गोळा पलीकडे पडला, 'ड्रॉप 400'. दुसरा अलीकडे, 'ॲड 200'. असं निम्मं-निम्मं करत चिमटीत धरायचं. ही पद्धत त्यांनी पुढे घरात सगळीकडे लावली. मुलगी कैरीवर दगड मारत असली की ते पायरीवरून ओरडणार, "ॲड 2!" आणि मग "ड्रॉप 1!" काकूने पानात भात जास्त वाढला तरी 'ड्रॉप'.

त्या वेळी मला एकच गोष्ट पटायची नाही. मी विचारायचो, पण तुम्ही नेम कसा धरता? डोंगर आड असला तर? तात्या म्हणायचे, आपण त्या बाजूला बघतच नाही. तोफेवर डायल साइट असते, तिच्यातून बघायचं ते मागे किंवा बाजूला रोवलेल्या काठीकडे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी. तिच्याशी कोन जुळवला की नळी आपोआप जिथे व्हायला हवी तिथे होते. मला हे फसवल्यासारखं वाटलं होतं. लढाईत जायचं आणि काठीकडे बघत बसायचं? दिवाळीत भुईचक्र पेटवून पाठ फिरवण्यासारखं. आता वाटतं, एवढी वर्षं रोज ज्याला आपला गोळा कुठे पडला ते दुसऱ्याने सांगितल्यावरच कळतं, त्या माणसाच्या स्वभावात काहीतरी मुरत असणार. तात्या कधी कोणाला 'मग काय झालं?' असं विचारत नाहीत. लग्न जुळवायला गेले, भांडण मिटवायला गेले, आपलं करून परत येतात. निकाल येईल तेव्हा येईल.

दसऱ्याला आमच्याकडे कोयती, आडाळो, कुदळ मांडून पूजा होते. तात्या आल्यापासून त्यात ती पितळेची तोफ असते. खाली फळीवर अक्षरं: 'सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल'. वडिलांना हे विचित्र वाटायचं, अर्धं संस्कृत, अर्धं फारसी, एका फळीवर. तात्यांना त्यात काहीच विचित्र वाटायचं नाही. इंग्रज तोफखान्याचा लॅटिन 'युबिक' होता, म्हणजे सर्वत्र, तो आपण आपल्या शब्दांत आणला, संपलं. पूजेच्या वेळी ते सगळ्यात आधी त्या तोफेला हळद-कुंकू लावतात, मग कोयत्यांना. एकदा वडील चिडून म्हणाले, "शोपीस आधी आणि शेतीची अवजारां मागसून?" तेव्हा तात्यांनी सांगितलं, पायदळाला निशाण असतं, रणगाड्यांच्या पलटणींना असतं, आम्हांला नाही. आमची तोफ हेच आमचं निशाण. नाशिक रोडच्या सेंटरमध्ये शपथ घ्यायची तीही तोफेसमोर. निशाण शत्रूच्या हाती देत नाहीत, तशी तोफ सोडून येत नाहीत. वडील गप्प झाले. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः झेंडूचा हार आणला, एवढासा, तोफेच्या मापाचा.

उमराव सिंगांची गोष्टही मी त्यांच्याच तोंडून ऐकली, आणि इतक्यांदा की ते आमचेच कोणी भाऊबंद असावेत असं लहानपणी वाटायचं. ब्रह्मदेशात, कलादान खोऱ्यात, डिसेंबर 1944. जपान्यांचा दीड तास भडिमार, मग हल्ल्यावर हल्ले. हवालदार उमराव सिंग आपल्या तोफेचे नंबर वन. जखमी, गोळ्या संपल्या, तेव्हा तोफ फिरवायचा लोखंडी दांडा उचलून ते हातघाईवर आले. काही तासांनी आपली माणसं पुन्हा तिथे पोचली तेव्हा ते तोफेशेजारी बेशुद्ध पडलेले, अंगावर सात जखमा, भोवती दहा जपानी मेलेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांना. तात्या गोष्टीचा शेवट मात्र क्रॉसवर करायचे नाहीत. थोडं थांबून, आवाज खाली आणून म्हणायचे, "आणि ती तोफ त्याच दिवशी परत फायर झाली." त्यांच्या दृष्टीने गोष्ट तिथे पुरी व्हायची.

कालनिर्णयवर ते दरवर्षी 28 सप्टेंबरभोवती निळ्या पेनाने गोल करतात. गनर्स डे. 1827 साली त्या तारखेला मुंबई फौजेतली डोंगरी बॅटरी उभी राहिली, तोफा सुट्या करून खेचरांच्या पाठीवर न्यायच्या. 1857 झालं आणि इंग्रज घाबरले. आपल्या माणसांच्या हातात अशा डोंगरी तोफा तेवढ्या ठेवल्या, बाकी सगळा तोफखाना गोऱ्यांकडे. मैदानी तोफ हिंदी शिपायाच्या हातात पुन्हा आली ती 1935 साली, बंगळुरात. हे सांगताना तात्यांच्या चेहऱ्यावर कुळाच्या जमिनीचा निकाल आपल्या बाजूने लागल्यासारखा भाव असतो.

आणि मग बोफोर्स. 1987 नंतर गावात तात्यांची सोय राहिली नाही. ते त्याच तोफेवर, म्हणजे तिठ्यावरच्या हॉटेलात चहा घ्यायचीही चोरी. "काय तात्यांनु, तुमका किती भेटले?" दर सुट्टीत तेच. 410 तोफांच्या व्यवहारात काय खाल्लं नि कोणी खाल्लं यावर लोकांनी बारा वर्षं चर्चा केली. ती तोफ उडते कशी हे कोणी विचारलं नाही. तात्या चहाचा कप ठेवून एवढंच म्हणायचे, "तोफ बरी आसा." 1999 च्या उन्हाळ्यात, कारगीलच्या लढाईच्या वेळी, तेच हॉटेल, तीच माणसं टीव्हीपुढे बसून टाळ्या वाजवत होती. तेव्हा तात्या द्रासला होते.

त्या दिवसांबद्दल ते बोलतात ते सगळं तोफेबद्दल. एका गोळ्याचं वजन 40 किलोच्या वर. दहा हजार फुटांवर हवा विरळ, गोळा हिशेबापेक्षा लांब जातो, तक्ते नव्याने लावावे लागले. वरून शत्रूला रस्ता दिसत होता, म्हणून जागा बदलत राहायचं. नळीवरचा रंग भाजून पोपडे धरायचा. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटं डागली. तात्यांच्या वाट्याचे किती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांनी मोजले नसतील असं मात्र मला वाटत नाही. एकदाच, वडिलांच्या तेराव्यानंतरच्या रात्री, पडवीत आम्ही दोघंच असताना ते आपणहून म्हणाले की तिकडे काही तोफा रस्त्यावर पुढे आणून सरळ डोंगरावर रोखल्या होत्या. काठी नाही, आकडे नाहीत. नळीतून समोर शिखर. "बावीस वर्सां झाली होती नोकरीक. तेवा पयल्यांदा दिसला." काय दिसलं, ते मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर कागदावर लिहून विचारावं लागलं असतं. असा प्रश्न कागदावर लिहायचा कसा? त्यांनी पंख्याकडे बघितलं, पंखा बंद होता, उठून चालू केला.

2022 मध्ये तिथल्या पॉइंट 5140 ला 'गन हिल' नाव दिलं, ते कात्रण त्यांनी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलंय. त्याच्या शेजारी दुसरं, एप्रिल 2023 चं: तोफखान्यात पहिल्यांदाच पाच महिला अधिकारी दाखल. हे माझ्या मुलीसाठी. ती आर्किटेक्ट होणार म्हणते, पण कात्रण ठेवायला काय जातंय.

प्रजासत्ताक दिनाला ते टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून संचलन बघतात. घरातल्या बाकीच्यांची पंचाईत होते, पण त्या एका दिवशी कोणी बोलत नाही. राष्ट्रगीताच्या 52 सेकंदांत 21 तोफा बसल्या पाहिजेत. तात्या गुडघ्यावर बोट आपटत मोजतात. पहिल्या धुराला सुरुवात, शेवटच्या बोटाला गीत संपलं पाहिजे. संपलं का, हे आमच्या तोंडाकडे बघून ठरवतात, कारण आम्ही गुणगुणत असतो. 2023 साली ते मध्येच उठून पडद्याजवळ गेले. "बदलल्यानी." दुसऱ्या महायुद्धापासूनच्या 25 पौंडी तोफा जाऊन आपल्याकडच्या 105 मिलिमीटरच्या आल्या होत्या. आम्हां कान असलेल्या चौघांना धुरात काही फरक कळला नव्हता.

लिहिता लिहिता एक लक्षात आलं. आमच्या किनाऱ्यावर तोफा काही कमी नाहीत. विजयदुर्गला तात्यांबरोबर गेलो होतो तेव्हा मी उत्साहाने त्यांना तुळाजी आंग्र्यांचं आरमार कसं जळालं ते दाखवत होतो. फेब्रुवारी 1756, बाहेर इंग्रजांची जहाजं, खुष्कीवरून पेशव्यांची फौज त्यांच्याच बाजूने, एक गोळा येऊन एका गलबतावर पडतो आणि साखळीने बांधलेल्यासारखी सगळी पेट घेतात. मी हातवारे करून, वहीत लिहून सांगत होतो. तात्यांनी शांतपणे वही घेतली आणि खाली एकच ओळ लिहिली: 'मारणाऱ्याला दिसले असेल.' मला तेव्हा वाटलं होतं, ते तांत्रिक शंका काढतायत.

माझं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, यावर मी वर्षभर घोळलोय. काकू म्हणते, ते ओठ वाचतात, पण फक्त तिचे. मुलगी म्हणते, आजोबांना सगळं कळतं, ते सोंग करतात. मध्ये गणपतीत गेलो तेव्हा मी कागद घेऊन बसलोही होतो. लिहिलं, 'जत्रेत मी उगाच बोललो.' त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि खाली लिहिलं, 'कोणत्या?' मी कागद चुरगळून खिशात टाकला आणि मोदकांचं सारण झालं का बघायला आत गेलो.

यंदाची जत्रा परवा झाली. गरनाळवाल्याच्या त्या मुलाने आपणहून एक काठी रोवली होती, गरनाळींपासून पंधरा-वीस पावलांवर, तिला लाल फडकं बांधलेलं. तिच्या पुढे कोणी जायचं नाही. दारू त्याच संध्याकाळी भरली म्हणाला. तात्या देवळाच्या चिऱ्याच्या पायरीवर बसले होते, तळवा दगडावर टेकवून. मी शेजारी जाऊन बसलो. पाचही उडाल्या. दर वेळी पोरांची रांग आ वासायची, तात्या आ वासायचे, आणि दगडातून काहीतरी माझ्याही हाताला लागायचं. पाचवीनंतर एकदम ढोल-ताशे सुरू झाले, पालखी उठली, लोक 'हरहर महादेव' म्हणत पुढे लोटले. त्या गदारोळात तात्या माझ्याकडे वळून काहीतरी बोलले. चांगलं लांब वाक्य होतं. त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही, हळू. मी कान पुढे केला, ओठांकडे बघितलं, एक अक्षर लागलं नाही.

"काय?" मी ओरडलो. "काय म्हणालास?"

त्यांनी हात हलवला, काय नाय, आणि खाजेवाल्याकडे बोट दाखवून मला उठवलं.